उपाशी पट्टा

मी पोटासाठी किडे मारतो. मारून मोजतो, आणि मोजून झाल्यावर ते खरंच मेले का, यावर साहेबलोकांशी वाद घालतो. नांदेड जिथे संपतं आणि मंगल कार्यालयं सुरू होतात, तिथे आमची प्रयोगशाळा आहे. शेतीची औषधं बाजारात यायच्या आधी आमच्याकडे येतात. ती माणसाला किती बाधतात, माशांना किती बाधतात, हे दुसरे कुणी तरी बघतात. माझ्या वाट्याला जमिनीतले जीव आणि मित्रकीटक. मित्रकीटक म्हणजे मावा खाणारा ढालकिडा, किंवा अळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालून तिचा वंश बुडवणारी डोळ्यालाही नीट न दिसणारी माशी. शेतकऱ्याचं काम फुकटात करणारे जीव. हे नाव ज्याने दिलं, त्याने आम्ही या मित्रांशी कसं वागतो ते पाहिलेलं नसावं.

बरणीला आतून औषध फासायचं, वाळू द्यायचं, त्यात ढालकिडे सोडायचे आणि त्यांच्या पायांची धडपड कधी थांबते ते बघत बसायचं. मातीचं काम वेगळं. माती नरसाळ्यात चाळणीवर ठेवायची आणि वर बल्ब लावायचा. ऊब आणि उजेड सोसेना झाला की आतले जीव खाली खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्याच्या तोंडातून थेट स्पिरिटच्या बाटलीत पडतात. पळायला एकच वाट ठेवायची आणि तिच्या टोकाला स्पिरिट ठेवायचं, ही आमची पद्धत. बल्ब लावताना माझा हात अजूनही जरा रेंगाळतो. या रेंगाळण्याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा. आता तोही वाटत नाही. हात रेंगाळला तरी बल्ब लागतोच.

मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या मर रोगावरचं एक नवं बुरशीनाशक आलं. पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी ओतायचं, म्हणजे आळवणी करायची. बुरशी मारण्यात ते चांगलं होतं, त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. कंपनीला पाकिटावर आणखी एक शब्द हवा होता: सुरक्षित. ‘मित्रकीटक व जमिनीतील जिवांसाठी सुरक्षित.’ सगळी चाचणी त्या एका शब्दासाठी होती आणि तो शब्द द्यायचा की नाही, हे माझ्या मोजणीवर ठरायचं होतं. निदान कागदोपत्री तरी.

कंपनीचा माणूस गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून यायचा आणि किड्यांना ‘मटेरियल’ म्हणायचा. “सर, मटेरियल भरपूर आहे ना? कमी पडू देऊ नका.” आमचे प्रमुख त्याच्यापुढे असे बसायचे की खुर्ची त्याची आणि पाहुणे हे. प्रमुखांनी उभ्या आयुष्यात शेतात पाय घातला तो फोटोसाठी. तेव्हाही पांढऱ्या बुटांना काळी माती लागली की कारकुनाला हाक मारून पुसून घ्यायचे. असल्या माणसाच्या हाताखाली मी केस पांढरे केले. त्यांना हसताना हे विसरून चालत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

बरण्यांमधले ढालकिडे बऱ्यापैकी तगले. मातीतल्या जिवांसाठी शेत लागतं. एक शेत मुदखेडकडे मिळालं. दुसरं मीच दिलं: औशाजवळचं आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं रान. का दिलं? शेत शोधण्याचा कंटाळा, हे एक. आणि गावात गाडी जाईल, पाटी लागेल, आक्काचा भाऊ मोठा साहेब आहे हे चार लोक बघतील, हे दुसरं. दुसरं कारणच खरं.

शेताचे पट्टे पाडले. काहींना औषध, आणि रस्त्याकडच्या एका पट्ट्याला काहीच नाही. त्या कोऱ्या पट्ट्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्या पट्ट्यांना काही अर्थ नसतो. जमिनीत काठोकाठ प्लास्टिकचे पेले पुरले आणि त्यात साबणाचं पाणी घातलं. चालता चालता जो जीव येईल तो आत पडतो. पहिल्याच सकाळी सगळे पेले गजबजले होते. मुंग्या, काळे भुंगेरे, कोळी, आणि पाण्यावर तरंगणारे पांढरे कण. ते कण म्हणजे शेपटीच्या आधाराने उड्या मारणारे किडे. कुजका पाला खाऊन त्याचं खत करतात.

औषध द्यायच्या दिवशी दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, बांधावर उकिडवे बसून बघत होते.

“पाव्हणं, ह्या पट्ट्यानं काय घोडं मारलंय?”

“त्याला नाही द्यायचं.”

“का?”

“असतं ते तसं. तुम्हाला नाही कळायचं, दाजी.”

एवढंच बोललो. समजावून सांगायला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. पण कंपनीचा माणूस शेजारी उभा होता आणि त्याच्यासमोर मला बहिणीच्या नवऱ्याशी खेड्यातल्या भाषेत बोलायचं नव्हतं. मी पँटची घडी सांभाळत गाडीत बसलो. उरलेले औषधाचे डबे दाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायला मीच सांगितलं.

आठवड्याने पेले काढले. औषधाच्या पट्ट्यांतल्या पेल्यांत नुसतं गढूळ पाणी आणि एखादी मुंगी. कोरा पट्टा पहिल्यासारखाच भरलेला. इतका उघडा फरक माझ्या कामात क्वचित दिसतो. प्रमुखांनी आकडे पाहिले आणि तोंडात लिमलेटची गोळी टाकली.

“पहिला धक्का असतो हो. जीव सावरतात. शेवटच्या मोजणीत काय येतं ते बघू.”

मधल्या काळात मुदखेडच्या शेतात शेजाऱ्याने पाण्याचा पाट फोडला आणि पेले वाहून गेले. उरलं एकटं आक्काचं शेत. मधल्याच काळात येळवस झाली.

लातूरकडे येळवस म्हणजे काय, हे नांदेडच्या लोकांनाही फोड करून सांगावं लागतं. मार्गशीर्षाच्या अमावस्येला गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव, आणि तिथेच लक्ष्मीची पूजा करायची. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकं भरून ताकातली आंबील. जेवायच्या आधी घरातला माणूस आंबिलीचं मडकं घेऊन साऱ्या रानाला फेरी घालतो आणि पिकावर आंबील शिंपडत जातो, मागून दुसरा आरोळी देतो. ती आरोळी कानडी आहे की मराठी, हे कुणालाच धड ठाऊक नाही. एक मात्र सगळ्यांना ठाऊक असतं: कोपरा सोडायचा नाही. मीही त्या दिवशी बायकोमुलांना घेऊन गेलो होतो. कोप त्या कोऱ्या पट्ट्यावरच, बाभळीखाली घातली होती. दाजी शिंपडत होते, मी मागून आरोळ्या देत होतो. भज्जी तीनदा घेतली आणि दुपारी कोपीच्या सावलीत झोपलो.

शेवटच्या मोजणीत औषधाचे पट्टे होते तसेच ओसाड. कोरा पट्टाही ओसाड.

प्रमुख खूश. “बघा! दोन्हीत फरक शून्य. मी म्हणालो नव्हतो, सावरतात?”

“सर, हे सावरले नाहीत. जे जिवंत होते तेही गेलेत.”

“फरक आहे का? नाही ना? मग झालं.”

या माणसाकडे एका मोठ्या विद्यापीठाची पदवी आहे. चार जण आजारी पडले आणि पाचवाही पडला, म्हणजे घरात आता सगळे ठीक आहेत, हा त्यांचा हिशेब. मी मान डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून औशाची बस धरली.

आक्का अंगणात तूर सोलत बसली होती. मी आडवळणाने विचारलं, थंडी पडली होती का, शेजाऱ्याने काही मारलं का. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“त्या पट्ट्याचं विचारायलास व्हय? दिलं आम्ही त्याला औषध.”

“दिलं? कुणी?”

“ह्यांनी. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. तूच ठेवलेलं की शेडात. पंपाचं नोझल काढून तुझी माणसं देत व्हती तसंच दिलं, कमी न्हाई, जास्त न्हाई.”

“आक्का, अगं तो पट्टा कोरा ठेवायचा होता!”

“का?”

पुन्हा तोच प्रश्न. या वेळी शेजारी कंपनीचा माणूस नव्हता.

“साऱ्या रानाला आंबील शिंपडली,” आक्का म्हणाली, “अन् एका पट्ट्याला औषध न्हाई? येळवशीला कोपरा सोडत्यात का कुठं? रस्त्यानं जाणारं माणूस थांबून विचारतंय. वरच्या आळीची म्हातारी म्हणली, भाऊ एवढा साहेब अन् बहिणीचा पट्टा उपाशी ठेवला, काय भांडण झालं का वाटणीवरून? काय सांगू मी तिला? सांग की.”

आतून दाजी बाहेर आले. “मी म्हणलं व्हतं हिला, पाव्हण्याला फोन कर म्हणून. तर ही म्हणती, त्याला काय विचारायचं, तो म्हणतोय तुम्हाला न्हाई कळायचं.”

“म्हणलाच की तसा,” आक्का म्हणाली. “मी काय भैरी हाव का?”

ती तुरीचे दाणे सुपात झटकत राहिली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “काय चुकलं का रे? तुझ्या नोकरीचं काही?”

“नाही.”

“मग बरं. आता सांग, औषध चांगलं हाय का? पुढच्या साली साऱ्या रानाला देऊ का? मर लई लागती बघ आमच्या हरभऱ्याला.”

माझ्या मोजणीचं काम शेवटी या एका प्रश्नाचं उत्तर देणं होतं, आणि ते सोडून मी बाकी सगळं केलं होतं. “थांब जरा,” म्हणालो. “अजून सांगता येत नाही.” हे वाक्य खरं होतं, पण उच्चारताना मला ते प्रमुखांच्या तोंडचं वाटलं.

परतायच्या आधी रानात जाऊन आलो. कोप मोडायची राहिली होती. कडबा कलला होता, पांडवांवरचा चुना उडाला होता. आणि दगडांच्या बुडाशी मुंग्यांची रांग चालली होती. दाजींनी सगळ्या पट्ट्याला औषध दिलं होतं, कोपीची आणि तिच्यापुढची जागा सोडून. लक्ष्मीच्या जागी पंप कोण नेईल? कोपीखालची ओंजळभर माती पिशवीत भरली आणि नांदेडला येऊन नरसाळ्यात घातली. बल्ब लावला. बाटलीत पांढरे कण पडले, बारके लाल कोळी पडले, एक गोम पडली.

प्रमुखांना बाटली दाखवली, आक्काने काय केलं तेही सांगितलं. कंपनीचा माणूस तिथेच होता. तो आधी हसला.

“देवाच्या ठिकाणचं सॅम्पल? सर, हे तर सत्यनारायणाच्या प्रसादासारखं झालं!”

“अहो, सावली, उष्टं-खरकटं, माणसांचा वावर,” प्रमुख म्हणाले. “त्या मातीची बाकी पट्ट्यांशी तुलना होते का? तुम्हीच सांगा.”

होत नव्हती. शास्त्राच्या नियमाने ते बरोबर होते, आणि हा माणूस बरोबर ठरल्याचा जितका राग येतो तितका तो चुकल्याचा येत नाही.

“मग कोरा पट्टाच राहिला नाही, सर. चाचणी रद्द करून पुढच्या हिवाळ्यात परत करू. आणि पहिल्या मोजणीत नुकसान दिसलंय, ते लिहू.”

“रद्द कशाला? शेतकऱ्याने स्वतःहून औषध दिलं ना? मग त्या पट्ट्याला कंट्रोल म्हणू नका. ‘शेतकरी पद्धत’ म्हणा. शेतकरी पद्धतीच्या तुलनेत आपल्या औषधाने अधिक हानी आढळली नाही.”

“सर, शेतकरी पद्धत म्हणजे हेच औषध आहे.”

“ते कुठे लिहायचंय?”

औषधाची तुलना त्याच औषधाशी, आणि निकाल काय तर बरोबरी. शिवाय आक्काचं नावही त्यात ‘पद्धत’ म्हणून कोरलं जाणार. कंपनीचा माणूस कौतुकाने मान हलवत होता. त्याच्या मते ताईंनी कंपनीला फुकटात डेमो करून दिला होता. मी म्हणालो, यावर मी सही करणार नाही. प्रमुख दुखावले नाहीत की चिडले नाहीत. “तुम्ही फार मनाला लावून घेता,” म्हणाले, आणि अहवाल शेजारच्या टेबलावर सरकवला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पेनचं टोपण काढलं. त्याने औसा कधी पाहिलेला नाही. दुपारी त्याने मला डब्यातली शेपूची भाजी देऊ केली. मी घेतली. भाजी चांगली होती.

पहिल्या मोजणीचं आणि आक्काच्या आळवणीचं मी वेगळं लिहून वर पाठवलं. वर म्हणजे जिथे या गोष्टी पाठवायच्या असतात तिथे. पोच आली, उत्तर नाही. नोकरी आहे तशीच आहे. सही न करून मी काय मोठं केलं? हात रेंगाळला, एवढंच. बल्ब लागलाच.

या हिवाळ्यात औशाच्या दुकानात पाकीट आलं. आक्काचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो.

“तुझं औषध आलंय बघ. ह्यांनी आणलंय. वर छापलंय, सुरक्षित. घ्या म्हणतोय दुकानदार. टाकू का?”

“टाकू नको.”

“का?”

या वेळी मी सांगितलं. सगळं. कोरा पट्टा कशाला असतो, पेल्यांत आधी काय होतं आणि नंतर काय उरलं, पांढरे कण पाल्याचं काय करतात, कोपीखाली काय निघालं आणि कागदावर त्याचं काय झालं. बराच वेळ लागला. मध्ये ती हूं म्हणत होती, आणि मध्येच कुणाला तरी म्हैस हाकायला सांगत होती.

“म्हंजे छापलेलं खोटं,” शेवटी ती म्हणाली.

“खोटं म्हण किंवा तपासलेलं नाही म्हण.”

“अन् छापलं तुमच्यातल्यांनीच.”

“हो.”

“अन् तू तिथंच काम करतोस.”

“हो.”

मग दाजींचा आवाज आला, फोन त्यांनी घेतला होता. “पाव्हणं, तुमचं ऐकावं तर हरभरा जातोय. दुकानदाराचं ऐकावं तर तुमच्या मुंग्या जात्यात. आम्ही काय करावं म्हणता?”

मर रोगावर दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. म्हणजे पुस्तकात होते, बियाण्याला आधी लावायचे, आणि हरभरा तर वीतभर वर आला होता. मी तसं सांगितलं. दाजी म्हणाले, “मग पुस्तक पेरणीच्या आधी वाचून दाखवायचं असतंय, पाव्हणं,” आणि फोन ठेवला.

येळवशीला गेलो. त्यांनी औषध दिलं होतं. मग दिसलं की रस्त्याकडचा पट्टा सोडलाय. त्यात अधूनमधून मर लागून पिवळी पडलेली झाडं उभी होती. बाकी रान हिरवंगार.

“तुझा ठेवलाय,” आक्का उंडे वाढत म्हणाली. “एवढाच. त्याच्यातली झाडं मेली तर मेली. पर यंदा लोकांला मी न्हाई सांगणार. तू उभा राहा अन् तू सांग.”

दाजींच्या मागे आरोळ्या देत मी रानाला फेरी घातली. त्या पट्ट्याला आंबील शिंपडताना दाजी जरा जास्तच ओंजळ भरत होते. जेवण झाल्यावर मी झोपलो नाही. घरून आणलेले पेले काढले आणि त्या पट्ट्यात आणि शेजारच्या पट्ट्यात पुरायला लागलो. कुणाच्या कामासाठी नाही. यातून अहवाल होणार नाही, पाकिटावरचा शब्द यातून पुसला जाणार नाही. आक्काच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळालं तर मिळेल.

रस्त्यावर मोटारसायकल थांबली. वरच्या आळीतला एक जण, मागे बायको, मांडीवर आंबिलीचा डबा.

“काय साहेब, पट्टा उपाशी ठेवला जणू?”

मी हात झटकले आणि बांधावर गेलो. सांगायला लागलो. त्याने मोटारसायकल बंद केली, हे मला चांगलं लक्षण वाटलं. पेले दाखवले, मुंग्या सांगितल्या, भुंगेरे सांगितले, डोळ्याला जेमतेम दिसणारे पांढरे कण सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. बायको डब्याचं झाकण दाबून धरून दुसरीकडे बघत होती.

“म्हंजे हे सारं मुंग्यांसाठी होय?” तो म्हणाला.

“मुंग्यांसाठी असं नाही, पण हो.”

“अरारा. आधी न्हाई का सांगायचं.” त्याने किक मारली. “आमच्या बांधाला लई हायत. येताना पोतं घेऊन या.”

बायको हसली. मोटारसायकल गेली. मी परत पट्ट्यात उकिडवा बसलो आणि पुढच्या पेल्यासाठी माती उकरायला लागलो. रस्त्यावर दुसरं कुणी तरी येताना दिसत होतं. मी आतापासूनच, कुठून सुरुवात करायची, ते मनात जुळवायला लागलो.